खंडेनवमी आणि एकशेतीस बार

खंडेनवमीच्या सकाळी सांगलीतल्या कुठल्याही वॉशिंग सेंटरसमोर उभं राहिलं की अख्ख्या जिल्ह्याची चाकं एका रांगेत बघायला मिळतात. उसाचे ट्रॅक्टर, जेसीबी, शाळेची बस, वडापची जीप आणि वर्षभर गोठ्यात कोंबड्यांनी बसायला वापरलेली एखादी लूनासुद्धा. दसऱ्याचा हार धुतलेल्या गाडीलाच घालायचा असतो आणि हे सगळ्यांना एकाच दिवशी आठवतं. त्या दिवशी रॅम्पवरच्या पोराची गाठ पडणं कलेक्टरसाहेबांपेक्षा अवघड. ‘किल्ली ठेवून जावा, संध्याकाळी बघू,’ एवढंच तो बोलतो. संध्याकाळी गाडी मिळते ती वरून ओली आणि खालून होती तशी. दर मात्र सणाचा.

म्हणून यंदा भाद्रपदातच मी प्रेशर वॉशर मागवला.

त्याआधी गाडी धुण्याचे पुष्कळ व्हिडिओ बघून झाले होते. हे व्हिडिओ रात्री अकरानंतर बघू नयेत. चिखलाने लडबडलेली गाडी येते, एक शांत चेहऱ्याचा मनुष्य तिच्यावर बंदूक रोखतो, दाट पांढरा फेस टपापासून चाकांपर्यंत पसरतो आणि संथपणे ओघळत राहतो. कुणी बोलत नाही. त्या माणसाला आई-वडील, बायको, शेजारी यांपैकी कुणीही नसतं, हे त्या व्हिडिओंचं खरं तांत्रिक वैशिष्ट्य.

खोक्यावर लिहिलं होतं, १८०० वॅट, कमाल दाब १३० बार, पाणी मिनिटाला साधारण साडेसहा लिटर. एक बार म्हणजे जवळपास दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. म्हणजे समुद्रसपाटीपासून थेट सिंहगडाच्या माथ्यापर्यंत, सुमारे १३०० मीटर, पाण्याचा उभा नळकांडा केला तर त्याच्या बुडाशी जो दाब पडेल तो हे मशीन पोर्चमध्ये देणार. आमच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब खालच्या नळाला पाऊण बारही भरत नाही. तिच्याखाली शॉवर घेणं हा श्रद्धेचा भाग आहे.

बायकोला सिंहगड पटला नाही. तिचा प्रश्न साधा होता. ‘अहो, पाणी किती जाणार?’

मी म्हटलं, ‘साध्या पाइपातून मिनिटाला पंधरा-वीस लिटर जातं. यातून सहा-सात. उलट बचतच.’

‘आणि बादलीने धुतली तर?’

‘दोन बादल्या.’

‘मग बादलीने धुवा की.’

या मुद्द्याला उत्तर नसल्यामुळे मी विषय जागतिक पातळीवर नेला, तर तिथेही तिचेच लोक निघाले. तिच्या भावाने बंगळुरूहून कळवलं की २०२४ च्या मार्चमध्ये तिथे पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार दंड लावला होता. बाबांनी चष्मा काढून ठेवत आठवण दिली की २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं, एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, ‘आणि तू गाडीला अंघोळ घालणार.’ माझी भिस्त जर्मनीतल्या मावसभावावर होती. या यंत्राचं घराणं तिकडचंच. आल्फ्रेड कार्शर यांनी गरम पाण्याचा प्रेशर वॉशर १९५० साली तिथेच काढला. भाऊ म्हणाला, ‘मशीन भारी असतं. फक्त इथे बहुतेक गावांत घरासमोर गाडी धुवायला बंदी आहे. साबणाचं आणि ऑइलचं पाणी जमिनीत मुरतं म्हणून. आणि रविवारी तर तसलं मशीन चालूच करायचं नाही, शेजारी तक्रार करतात.’ ज्यांनी बंदूक शोधली त्यांनीच ती चालवायला मनाई केलेली. आपल्याकडे असली मनाई नाही. आपल्याकडे शेजारी तक्रार करत नाहीत, खुर्ची घेऊन येतात.

खोकं आलं ते नेमकं पितृपंधरवड्यात. आईने ते उंबऱ्याबाहेरच अडवलं. या दिवसांत नवीन वस्तू घरात घेत नाहीत, त्यातून यंत्र तर नाहीच नाही. तिचं माहेर कर्नाटकातल्या अथणीकडचं, नियम दोन राज्यांचे. शेवटी तडजोड झाली की खोकं जिन्याखाली राहील, पण फोडायचं नाही. तिथे त्याचा स्टूल झाला. वस्तू परत द्यायची मुदत सर्वपित्री अमावस्येला संपली तेव्हा शेजारचे नाना त्याच्यावर बसून आमच्याच घरचा चहा पीत होते. घटस्थापनेच्या आधी आईने रीतसर दसरा काढला, घरातल्या सगळ्या गोधड्या दगडावर आपटून धुतल्या, आणि मशीनचं वर्णन तिने पहिल्यांदा नीट ऐकलं ते गोधड्या वाळत घालताना. ‘मग हे आधी काढायचं नाही होय रे?’ असं ती वर मलाच म्हणाली. पुढे नवरात्रात काढू का विचारलं, तर म्हणाली, ‘आता खंडेनवमीलाच काढ. यंत्राचाच दिवस तो.’

तर खंडेनवमी. सकाळी सातला खोकं फुटलं.

पहिली अडचण नळाची. मशीनसोबत एक सुबक पिवळं प्लास्टिकचं कनेक्टर असतं, ते नळाच्या आट्यांवर फिरवून बसवायचं. आमच्या पोर्चमधल्या नळाला आटेच नाहीत. गुळगुळीत, खाली वाकलेलं पितळी तोंड. वीस वर्षांत त्याला पाइप लावायचा म्हणजे पाइप गरम पाण्यात बुडवून कोंबायचा आणि वर तार आवळायची, एवढाच संस्कार. मी क्लिप लावली, नळ सोडला, कनेक्टर उडून तुळशीवृंदावनापाशी पडलं. परत लावलं, परत उडालं. मग बाबा उठले. बाबा एसटीतले निवृत्त चालक. त्यांनी माळ्यावरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, कात्रीने त्याची लांब पट्टी कापली, नळाच्या तोंडावर ती ताणून ताणून गुंडाळली, कनेक्टर त्यावर दाबून बसवलं आणि वरून सुतळी. पाण्याचा थेंब गळेना. मशीनच्या पुस्तकात जोडणीची चित्रं अनेक आहेत, पण त्यांत ट्यूब आणि सुतळी कुठेही नाही; त्यावरून ते किती लोकांनी वापरून पाहिलं असेल याची कल्पना येते.

दुसरी अडचण विजेची. १८०० वॅट म्हणजे जवळपास आठ अँपिअर, त्यामुळे प्लगला मोठी पिन. पोर्चमध्ये छोट्या पिनचं एक बटण, ते फक्त दिवाळीच्या माळेसाठी. मोठ्या पिनचा मोकळा पॉइंट खालच्या मजल्यावर एकच, गिझरचा. तिथून एक्स्टेन्शन बाथरूमच्या खिडकीतून बाहेर काढली. याचा अर्थ गाडी धुऊन होईपर्यंत घरात कुणाचीही अंघोळ होणार नव्हती, आणि सणाच्या दिवशी अंघोळीशिवाय आई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. म्हणजे पुरणही माझ्यावर अडलं. आई आणि बाबा गार पाण्याने आटोपतो म्हणाले. बायको काही म्हणाली नाही. ते जास्त लागतं.

पुस्तकात लिहिलं होतं, आधी नळ सोडा, मग बंदुकीचा खटका दाबून आतली हवा जाऊ द्या, सलग धार आली की मगच मोटार चालू करा. तसंच केलं. मोटार चालू झाली आणि गल्लीतली सगळी कुत्री एका दिशेने निघून गेली. या छोट्या मशीनच्या मोटारीचा आवाज मिक्सरच्या जातकुळीचा असतो, कारण मोटारही त्याच जातीची. बोलायचं तर कानाला तोंड लावून. गेटपाशी नाना प्रकट झाले. धोतराचा सोगा हातात, तोंड हलताना दिसत होतं. मोटार बंद केली तेव्हा शेवटचा शब्द हाती लागला.

‘...बोर मारायलाईस काय?’

‘नाही नाना, गाडी धुतोय.’

‘गाडी?’ नानांनी मशीनकडे, वायरीकडे, सुतळीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. ‘आमची २०१९ ला कृष्णामाईनं धुतली की. आत-बाहेर. गावभागात तवा पाणी टपाच्या वर, आयर्विन पुलाला सत्तावन फूट. फेस सोडून सगळं झालं बघ.’ आणि खुर्ची ओढून बसले. मशीनवर त्यांचा राग नव्हता. पूर ओसरल्यावर भिंतींवरचा गाळ खरवडायला असलं काही हाती असतं तर, एवढंच त्यांच्या मनात चाललेलं दिसत होतं, आणि ते बराच वेळ नळीकडे बघत राहिले.

बंदुकीची तोंडं रंगीत असतात. लाल शून्य अंशाचं, त्यातून सुईसारखी एकच धार निघते. ती गाडीवर धरली तर रंग जातो आणि पायावर धरली तर कातडी. पिवळं पंधरा अंशांचं, हिरवं पंचवीस, पांढरं चाळीस. गाडीला पांढरं किंवा हिरवं, तेही हातभर अंतरावरून. मी पिवळं लावून आधी फरशीवर जरा चालवून बघितलं.

प्रेशर वॉशरची ही बाजू कुणी सांगत नाही. फरशीवर जिथून धार गेली तिथे चार बोटं रुंदीची गोरीपान रेघ उमटली. म्हणजे आमची शहाबादी फरशी मुळात काळी नव्हतीच. पावसाळ्यातलं शेवाळ, त्याखाली आधीच्या पावसाळ्यांचं शेवाळ, असा थर होता, आणि तो एवढी वर्षं आम्ही फरशीचा रंग म्हणून मान्य केला होता. आता ती एक रेघ सोडून उरलेलं सगळं अंगण घाण दिसू लागलं. ‘हे आधी पूर्ण करा,’ बायको म्हणाली. ‘पायऱ्या पण घे,’ आई म्हणाली. तेवढ्यात मुलीने माझ्या हातातली बंदूक घेतली आणि फाटकासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज वाचता येईल असं, स्वतःचं नाव पहिल्या अक्षरापासून काढायला घेतलं. दोन अक्षरं झाल्यावर मी बंदूक काढून घेतली. ती दोन अक्षरं अजून आहेत. पुसायची तर सगळं अंगण धुवावं लागेल.

गाडीकडे वळलो तेव्हा साडेआठ झाले होते. चाकांच्या कमानीतला चिखल निघाला तेव्हा मात्र मानलं. बोटं जिथे पोचत नाहीत तिथून, तासगाव रस्त्यावरची काळी माती ढेकळाढेकळाने गळून पडली. बाबासुद्धा वाकून बघत होते. गाडीभोवती फिरताना पाइप मात्र प्रत्येक वेळी टायरखाली जाऊन बसायचा. गाडी उभी, टायर हललेला नाही, तरी पाइप त्याच्याखाली कसा जातो हे विज्ञानाने सांगावं.

मग फेस. फेसाची वेगळी बाटली असते, तिच्या डोक्यावर पितळी ठोकळा, आत बारीक जाळी. पाणी जोरात जाताना बाटलीतला शॅम्पू ओढून घेतं, हवा मिसळते, जाळीतून घुसळून फेस होतो. व्हिडिओत तो इंच-इंच जाड. माझ्या बंदुकीतून आलं ते पातळ ताक. दारांवरून सरळ खाली गेलं. कारण आमच्या बोरचं पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एवढं की स्टीलच्या तांब्याला आतून अस्तर बसतं. असल्या पाण्यात फेस धरत नाही. नाना म्हणाले, ‘बाटलीत आरओचं घाल.’ आईने दिलं नाही, आणि दिलं असतं तरी बाटलीतलं पाणी दहात एक हिस्सा, बाकी सगळं नळाचंच. शेवटी शॅम्पू दुप्पट ओतला, वरची चकती पिळून पिळून घट्ट केली, आणि आला! दाट, पांढरा, शेवटी बसणारा. टप, काचा, बॉनेट, सगळं झाकून गेलं. गल्लीतली पोरं भिंतीवर चढली. गाडी मूळची पांढरीच असल्यामुळे फोटोत फरक कळत नाही, पण जे हजर होते त्यांनी पाहिलं आहे.

हा फेस चार-पाच मिनिटं तसाच ठेवायचा असतो. मळ सैल होऊन खाली उतरतो, मग हातमोज्याने हलकेच फिरवून पाण्याने काढायचा. फक्त तो गाडीवर वाळू द्यायचा नाही. आणि ऑक्टोबरचं ऊन नऊ वाजता आमच्या पोर्चमध्ये येतं.

नऊलाच आई पूजेचं ताट घेऊन बाहेर आली.

तिला राहुकाळ टाळायचा होता. पाटावर विळी, कोयता, शिलाई मशीनची कात्री, बाबांचे पाने आणि पेचकस मांडून झाले होते. ‘नवीन यंत्र आहे, पहिला मान त्याचा,’ म्हणत तिने मोटारीवर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, बंदुकीला झेंडूचं फूल अडकवलं, उदबत्ती ओवाळली. मला गहिवरून आलं. मी नमस्कार केला आणि बंदूक उचलायला वाकलो.

‘हां!’ आई म्हणाली. ‘आता हात लावायचा नाही.’

‘म्हणजे?’

‘पूजेला बसलं ना ते. आज विश्रांती. उद्या उत्तरपूजा झाली की घे.’

‘आई, गाडीवर फेस आहे.’

‘विळीला तरी मी हात लावते का आज? भाजी कालच चिरून ठेवली.’

बाबांकडे पाहिलं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. नाना म्हणाले, ‘बरोबर हाय त्यांचं,’ कारण त्यांच्या ट्रॅक्टरलाही त्या दिवशी सुट्टीच. नळ मोकळा होता, पण ट्यूब आणि सुतळीची गाठ बाबांची, ती सुटायला ट्यूब कापावी लागली असती आणि कात्री पाटावर होती. फेस टपावर चरचरत बसायला लागला. कडेकडेने पिवळट चामडं धरत चाललेला तो फेस आणि त्याच्यासमोर पाटावर झेंडू लावून निवांत बसलेलं १३० बारांचं यंत्र, मध्ये मी.

शेवटी बाबांनी सूत्रं हाती घेतली. बाथरूममधून बादली, त्यात धुण्याची पावडर मूठभर, खांद्यावर पिवळं फडकं. मी ओरडलो. कपड्याची पावडर अल्कलीची, गाडीला न्यूट्रल शॅम्पूच लागतो. रंगावरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास. फडक्यात खडा अडकला तर ओरखडा उठतो. दोन बादल्या हव्यात, एक साबणाची, एक फडकं पिळायची. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ‘काच आणि नंबरप्लेट दिसली म्हणजे गाडी धुतली,’ ते म्हणाले आणि बॉनेटपासून सुरुवात केली. एवढी वर्षं मिरज डेपोची गाडी चालवलेल्या माणसाशी मायक्रॉनवर वाद घालता येत नाही. मी दुसरं फडकं घेतलं. बायको तांब्याने पाणी ओतत होती. नाना बसल्या जागेवरून राहिलेले डाग दाखवत होते, आणि एक मान्य करायला हवं, ते अचूक दाखवत होते.

गाडी पुरती निथळलीही नव्हती तोच आई बॉनेटपाशी आली. ओल्या बोटांनी हळदीचं स्वस्तिक. सांगलीत हळदीची कंजूसी कुणी करत नाही. २०१८ मध्ये इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगाच नाही. पहिली रेघ पिवळी आली. दुसरी आली तोवर पहिली केशरी झाली. आणि बघता बघता सगळं स्वस्तिक लाल. कुंकवाची वाटी अजून ताटात तशीच, हात न लावलेली.

आईने हात जोडले. ‘बघा, देवीनं पूजा घेतली.’

मी तोंड उघडलं. हळदीतलं करक्यूमिन अल्कलीत लाल होतं, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते त्याच हिशेबाने, आणि बाबांनी बॉनेट नीट न खंगाळल्यामुळे पावडर तशीच राहिली होती, हे सगळं जिभेवर आलं होतं. बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बाबा तर स्वतःच्या बॉनेटवर देवी प्रसन्न झाल्यामुळे दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे होते. गल्लीतल्या चार-पाच बायका हळदीचं बोट आपापल्या स्कूटीवर फिरवून बघून आल्या, काही झालं नाही. त्यांच्या गाड्या वॉशिंग सेंटरवर धुतलेल्या होत्या.

मग वायपरला हार, चारी चाकांखाली लिंबं, आणि बाबांनी पुढच्या चाकापाशी नारळ फोडला, तो धुतलेल्या दारावर व्यवस्थित उडाला. गिझरची पिन मी परत लावली. बायकोने अंघोळीला जाताना अंगणातल्या त्या गोऱ्या रेघेकडे आणि दोन अक्षरांकडे बोट केलं, काही न बोलता.

नाना खुर्ची उचलून निघाले. फाटकापाशी थांबून त्यांनी पाटावरच्या मशीनकडे एकदा मान तिरकी करून पाहिलं.

‘उद्या सुटतंय म्हणालास न्हवं हे पूजेतनं?’

‘हो नाना, उत्तरपूजा झाली की.’

‘मग सोनं द्यायला यायचंच हाय. येताना ट्रॅक्टर घेऊनच येतो. ट्रॉलीसकट.’